तीन वेळा तोच आकडा

"चपला आत घ्या ताई, बाहेर ठेवू नका," दार उघडत भूपालकाकांची मुलगी चंदना म्हणाली. "गल्लीतलं कुत्रं एकच उचलून नेतंय. दोन्ही नेल्या असत्या तर निदान त्याच्या तरी उपयोगी पडल्या असत्या."

तेव्हा भूपालकाकांच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती दोन्ही हातांत चपला घेऊन. सहा वर्षं ज्या माणसाशी पत्रव्यवहार केला, त्याला नमस्कार करायला एकही हात मोकळा नव्हता. त्यांचाही उजवा हात नव्हताच. म्हणजे होता, पण मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. जयसिंगपूर, आठवी गल्ली, फेब्रुवारीतली दुपार. त्या गावात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि ही व्यवस्था मला उतरल्याबरोबर आवडली होती. मोजलेल्या गोष्टी मला आवडतात. माझ्या बॅगेत एकाच कागदाच्या दोन प्रती होत्या. त्यांवर भूपाल आण्णासो चौगुले यांची सही घेऊन मला संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परतायचं होतं. सही मिळाली की 'तराजू' आमच्या कंपनीचा होणार होता आणि मी त्याची प्रमुख. नाही मिळाली तर कंपनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवणार होती, आणि प्रमुखही बहुधा तोच झाला असता.

तराजू हा भूपालकाकांनी लिहिलेला कोड. बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना पाठीमागे एक वायर जोडायची सोय असते. त्या वायरीतून काटा वजनाचा आकडा बाहेर पाठवत राहतो. पण प्रत्येक कंपनीच्या काट्याची बोली निराळी. कुणी आकड्याआधी अक्षर लावतो, कुणी आकडा उलटा पाठवतो, कुणी नुसताच बडबडत बसतो. ही बोली कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषा म्हणजे तराजू. काकांचं 'चौगुले स्केल सर्व्हिस' नावाचं काटेदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक काट्याची बोली ते वहीत टिपून घ्यायचे. पन्नाशीला आल्यावर पुस्तकं आणून कोड लिहायला शिकले आणि जे लिहिलं ते नेटवर एका पानावर उघडं ठेवून दिलं. कुणीही घ्या, वापरा, चुकलं तर सांगा, सुधारलंत तर परत आणून द्या. एकशे बेचाळीस काटे होते त्यांच्या यादीत. डेअऱ्या, जिनिंगवाले, बेदाण्याचे सौदे, कुरियरची ऑफिसं, सगळीकडे तो कोड आतून चालायचा आणि कुणाला त्याचं नावही ठाऊक नसायचं. आमच्या कंपनीचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभं होतं.

मला नोंदी ठेवायची खोड आहे. लग्नात कोण किती वेळा जेवायला बसलं हेही मला आठवतं. तराजूच्या पानाचीही माझ्याकडे नोंद होती. सहा वर्षांत काकांनी दोन हजार तीनशे सात प्रश्नांना उत्तरं दिली. त्याबद्दल आभार मानणारे नऊ. त्यातले चार आभार 'धन्यवाद, पण' असे सुरू झालेले. त्या नवांत आपण आहोत का, हे मी तेव्हा तपासलं नव्हतं. नंतर तपासलं. नव्हते.

काकांची उत्तरं एका ओळीची असत. लोक पान पान भरून तक्रार लिहायचे आणि काका विचारायचे, "डबा ठेवल्यावर किती वेळानं आकडा घेता?" बहुतेकांचं दुखणं तिथंच संपायचं. न दिसणाऱ्या माणसाशी इतक्या सभ्यपणे बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आधी मला वाटायचं, फावला वेळ असेल. मग कळलं, दुपारी दुकान बंद करून जेवायच्या आधी ते उत्तरं लिहितात. जेवण थांबलेलं चालतं, माणूस थांबलेला चालत नाही, असा काहीतरी हिशोब.

त्या फेब्रुवारीच्या दोन वर्षं आधी त्यांनी न मागता मला चावी दिली होती. कोडमध्ये बदल मंजूर करायचा अधिकार, त्याला आम्ही चावी म्हणायचो. सोबत एक ओळ: "दुकानाची किल्लीपण मी दोघांकडे ठेवतो. एक विहिरीत पडली तर." मी हसले आणि चावी घेतली. ती वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. खरं तर वाट पाहत होते.

मग आदल्या जुलैत काका गप्प झाले. उत्तर नाही, बदल नाही, काही नाही. तीन आठवड्यांत एकसष्ट प्रश्न तुंबले. एकानं पानावर विचारलं, हा माणूस जिवंत आहे का. प्रश्न काळजीचा नव्हता, तक्रारीचा होता. मी त्यांना दोन मेल पाठवले. पहिला: काका, बरे आहात ना? दुसऱ्यात तुंबलेल्या प्रश्नांची यादी. दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा होता. उत्तर आलं नाही तेव्हा मी पदर खोचला.

पदर खोचणं मला जमतं. मी प्रश्न विचारायला सात रकान्यांचा एक फॉर्म केला, आणि फॉर्म अर्धवट भरणाऱ्याला परत पाठवायला एक यंत्र बसवलं. यंत्र म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. रकाना रिकामा दिसला की ते एका मिनिटात आभार मानायचं आणि दार लावून घ्यायचं. चौदा दिवस कुणी उत्तर दिलं नाही अशा गोष्टीही ते बंद करायचं. नव्वद दिवस ज्यानं काही केलं नाही त्याची चावी काढून घ्यायची, हाही नियम मीच केला, सुरक्षेसाठी. त्या नियमात एकच माणूस बसत होता. शिवाय दोन-चार सुधारणाही केल्या. त्यांतल्या एका सुधारणेला एका दिवसात अकरा आभार आले. काकांना सहा वर्षांत नऊ, मला एका दिवसात अकरा. ही नोंद मी दोनदा केली.

पान स्वच्छ झालं. कंपनीला ते दिसलं. वकिलांनी कागद तयार केला: तराजू हे नाव आणि ते पान कंपनीकडे द्यायचं, काकांचं नाव आभाराच्या पानावर कायम ठेवायचं. मी पत्ता शोधायला बसले तर दुकानाचा नंबर अर्ध्या तासात सापडला. सात महिन्यांपूर्वीही तेवढ्याच वेळात सापडला असता. फोन घरी वाजला, चंदनानं उचलला, आणि मला कळलं की काकांना जुलैतच अर्धांगाचा झटका आला.

"कळतंय त्यांना सगळं," चंदना आता मला सांगत होती. ती नांदणीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि मी दुसरीच्या वर्गात नव्यानं आलेय असं धरून बोलत होती. "बोलता येत नाही एवढंच. त्यामुळं घरात आता कुणी ऐकत नाही असं समजू नका. आधीही कुणी ऐकत नव्हतं."

काका डाव्या बाजूनं हसले. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं. कुणी दुसऱ्यानं लावलेलं बटण असंच असतं. त्यांनी डाव्या हातानं मला जवळची खुर्ची दाखवली, आणि मी बसेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

काकूंनी पानं वाढली. भाकरी, शेंगांची चटणी, दही, खपलीची खीर. मी कागदाचा विषय जेवणानंतर काढायचं ठरवलं होतं. भरल्या पोटी माणूस सही लवकर करतो, ही माझी जुनी नोंद. पण जेवताना चंदनानंच दुसरा विषय काढला, आणि तो काढताना तिनं पाठीमागचं दार लोटून घेतलं.

शेजारच्या गल्लीत दूध संकलनाचं केंद्र होतं. तिथं मालनबाई नावाच्या बाई अकरा वर्षं दूध मोजून घेत होत्या. काकांनीच त्यांना काटा आणि त्यामागचा तराजू बसवून दिला होता, कॉम्प्युटर चालवायलाही काकांनीच शिकवलेलं. ऑक्टोबरात लोकांनी ओरडायला सुरुवात केली. घरून नऊ लिटर मोजून आणलेलं दूध काट्यावर साडेआठ भरतंय. पुढच्या माणसाचं साडेआठचं नऊ भरतंय. जास्त भरलेल्यांनी तक्रार केली नाही. कमी भरलेल्यांनी मालनबाईंच्या हातावर नजर ठेवली. बाई डबा उचलायला हात लावते तेव्हा काट्यावर दाब देते, असं कुणीतरी म्हणालं, आणि एकानं म्हटलं की दहा जणांनी पाहिलं.

"बाई वजनाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आण्णांकडं आली," चंदना म्हणाली. वडिलांना ती आण्णा म्हणायची. "आण्णा तेव्हा खाटेवर. तिनं गठ्ठा छातीवर ठेवला आणि रडत बसली. हे एकेक चिठ्ठी डाव्या हातानं डोळ्यासमोर धरतायत, टाकतायत, धरतायत. मग एकदम असं करायला लागले." तिनं डावा हात हवेत जोरजोरानं हलवून दाखवला. "आम्हाला वाटलं बीपी वाढलं. डॉक्टरला बोलावलं. त्यांनी झोपायची गोळी दिली."

काकांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"जागे झाले ते थेट कॉम्प्युटरकडं बोट. तिथं बसवलं, तर पासवर्ड येईना. डोक्यात असेल पण बोटात येईना. शेवटी मी माझ्या नावानं खातं उघडलं. एक ओळ, ताई. एक ओळ त्यांनी दोन दिवस टाईप केली, एका बोटानं, डाव्या. ती पाठवायची म्हटलं तर सात प्रश्नांचा फॉर्म. इंग्रजीत. मी म्हटलं, आण्णा, तुमचंच घर आहे, तुम्हाला कोण विचारणार कुठून आलात म्हणून. दिला पाठवून रिकामा."

माझा घास तोंडात होता. तो तिथंच राहिला.

"मिनिटात उत्तर आलं. आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद, असं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं पेढे आणले. मालनबाईला बोलावून पेढा दिला, म्हटलं, झालं तुमचं काम, आण्णांनी काटा सरळ केला." ती हसली. "दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले, मॅडम, खाली लाल खूण आहे बघा, हे नाकारलंय. धन्यवाद नुसतं म्हणायची पद्धत असते."

पुन्हा पाठवलं. पुन्हा धन्यवाद. तिसऱ्यांदा चंदनानं फॉर्ममध्ये मराठीत लिहिलं की हे ज्यांचं आहे त्यांनीच पाठवलंय, ते आजारी आहेत, कृपया कुणीतरी माणसानं वाचावं. सातातला एकच रकाना भरला होता. यंत्रानं सहा मोजले आणि दार लावलं.

यंत्रानं परत पाठवलेल्या गोष्टी माझ्याकडे एका वेगळ्या कप्प्यात जमा होत. तो कप्पा मी कधी उघडला नव्हता. यंत्र ठेवायचं ते त्यासाठीच.

"आणि मालनबाई?" मी विचारलं.

"डिसेंबरात काढलं तिला. लेकीकडं गेली मिरजेला. जाताना आण्णांच्या पाया पडली." चंदनानं माझ्या पानात खीर वाढली. मी नको म्हणायच्या आत वाढली. "कोण बसवतं हो ताई असली यंत्रं? पुण्यातलंच कुणी असेल की अमेरिकेतलं? तुमची ओळख असेल तर सांगा त्याला, बाबा रे, धन्यवाद तरी म्हणू नकोस."

"यंत्रच असतं ते," मी म्हणाले. "माणूस नसतं तिथं."

हे खोटं नव्हतं. खोटं न बोलता जेवढं लपवता येतं, तेवढं मी त्या दुपारी लपवलं. काका माझ्याकडे पाहत होते.

जेवण झालं, चूळ भरून झाली, आणि मी कागद काढला. मुद्दाम सोप्या शब्दांत सांगितलं. नाव कायम राहील, काका. आभाराचं पान असेल. कंपनी नीट सांभाळेल, माणसं ठेवेल. मी असेन. चंदना ऐकत होती आणि मधूनच काकांकडे पाहून मान हलवत होती, मुलाच्या बक्षिसाचं पत्र वाचावं तशी.

काकांनी डावा पंजा कागदावर पालथा ठेवला. पेन घेतलं नाही. मग टेबलावर बोटानं टकटक केलं, तीनदा. थांबले. पुन्हा तीनदा.

"तिघांचा चहा?" चंदना म्हणाली. "येतोय की आण्णा. पाहुण्यांसमोर हावरटपणा करू नये."

पुन्हा तीनदा. आणि बोट माझ्या बॅगेकडे, जिच्यात लॅपटॉप होता.

मी तो काढला. फोनचं नेट जोडलं, पान उघडलं, कधी न उघडलेला तो कप्पा उघडला. चंदनाच्या नावावरचे तीन अर्ज एकाखाली एक, तिन्हींवर लाल खूण. तिसरा उघडला. काकांनी खुर्ची ओढायची खूण केली आणि चंदनानं त्यांना माझ्या शेजारी आणून बसवलं.

त्या एका ओळीत एकच आकडा होता. काट्याकडून लागोपाठ किती वेळा तेच वजन आलं म्हणजे ते खरं मानायचं, तो आकडा. दुधाचा डबा काट्यावर ठेवला की दूध आत हिंदकळतं. आकडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. तीन वेळा तोच आला म्हणजे दूध शांत झालं. काकांनी पहिल्या दिवसापासून तिथं तीन ठेवला होता. आता तिथं एक होता, आणि काका डाव्या हाताच्या एका बोटानं पुन्हा तीन करू पाहत होते.

तो एक मी केला होता.

एका मोठ्या डेअरीच्या मॅनेजरनं म्हटलं होतं की तुमचं सॉफ्टवेअर संथ आहे, सकाळी रांग लांबते. मी शोधत गेले आणि हा तीन सापडला. एक केल्यावर डब्यामागे पाऊण-एक सेकंद वाचत होता. मी तपासूनही पाहिलं होतं. ऑफिसातल्या टेबलावर, नव्या काट्यावर, दोन किलोच्या लोखंडी वजनानं, चाळीस वेळा. चाळीसही वेळा बरोबर. लोखंड हिंदकळत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. अकरा आभार आले होते ते याचेच.

पडद्यावर त्या ओळीच्या डाव्या बाजूला बारीक अक्षरांत दिसतं, की शेवटचा बदल कुणी आणि कधी केला. तिथं माझं नाव होतं.

"हे तीनचं एक मुळात केलं कुणी?" चंदना माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "त्याचं नाव नसतं का लिहिलेलं?"

मी बोटानं पान वर सरकवलं. नाव पडद्याबाहेर गेलं.

"बघावं लागेल," मी म्हणाले.

काकांनी माझं बोट पाहिलं. पान सरकताना पाहिलं. मग माझ्याकडे वळले आणि तोंड उघडलं. घशातून एक आवाज आला, लांबट, ज्याला ना सुरुवात होती ना शेवट. चंदना लगेच म्हणाली, "पाणी?" आणि आत गेली.

ती आत होती तेवढा वेळ आम्ही दोघंच होतो. एक शब्द बोलायला तो वेळ पुरेसा होता. मी बोलले नाही. हा माणूस कुणाला काही सांगू शकणार नाही, असा विचार मनात आला, आणि त्या विचारानं मला बरं वाटलं. नऊ वर्षांत ही नोंद मी कुठंच केली नव्हती.

चंदना पाणी घेऊन आली तेव्हा मी मंजुरीचं बटण दाबलेलं होतं. लाल खुणेची हिरवी झाली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. आठवड्याभरात सगळीकडे पोचेल."

"बघा आण्णा, माणसानं हात लावला की होतंय." तिनं पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. "पाच महिने आम्ही यंत्राच्या पाया पडत होतो."

काकांनी पाणी प्यायलं. मग स्वतःहून पेन घेतलं, कागद पंजाच्या कडेनं दाबून धरला आणि दोन्ही प्रतींवर सही केली. वाचलं नाही. सही डाव्या हाताची, लहान मुलानं काढलेल्या झाडासारखी, पण पूर्ण नाव होतं. भूपाल आण्णासो चौगुले. शेवटचं अक्षर लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. एका हातानं टोपण लावायला वेळ लागतो. मी मदत करायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी पेन थोडं बाजूला घेतलं.

मी निघाले तेव्हा चंदना म्हणाली, थांबा, तुम्हाला गंमत दाखवते, आणि शाळेची दोनशे पानी वही घेऊन आली. डॉक्टरांनी डाव्या हातानं लिहायचा सराव सांगितला होता, ऑक्टोबरापासूनचा. तिनं पानं उलटून दाखवली. आधी नुसत्या रेघा. मग गोल. मग अक्षरं, ओळीबाहेर गेलेली. आणि मग पानामागून पान एकच शब्द, आधी वेडावाकडा, पुढे पुढे वाचता येण्याजोगा. वैजयंती. वैजयंती. वैजयंती.

"तुमचंच नाव," चंदना म्हणाली. "आईला राग यायचा. म्हणायची, आमची नावं येत नाहीत होय, पुण्याच्या बाईचं बरं येतंय. रोज लिहायचे आणि वही माझ्यापुढं धरायचे, बघ बघ म्हणून. मी आपली म्हणायची, छान आहे, अक्षर सुधारलं हं आण्णा." तिनं वही मिटली. "अवघड नाव आहे ना, सरावाला चांगलं."

मी मोजलं नाही. आयुष्यात मोजलं नाही असं ते एकच. पण पानं जाड होती आणि अर्धी वही भरलेली होती.

काका खुर्चीतून पाहत होते. मी चपला उचलल्या आणि त्या हातात घेऊनच बाहेर पडले. गल्लीच्या टोकाशी जाऊन पायात घातल्या.

तो तीन चौदा महिने टिकला, पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत. कंपनीनं तराजूची स्वतःची बंद आवृत्ती काढली, तेव्हा पुन्हा कुणीतरी म्हणालं की काटा संथ आहे, दुसऱ्यांचा एका सेकंदात घेतो. बैठकीत आम्ही सात जण होतो. हरकत असेल त्यानं हात वर करायचा होता. मी टेबलावरचे कप मोजले. सातच होते. नव्या आवृत्तीत एक झाला, आणि आज बहुतेक सगळीकडे तीच चालते. मिरजेला जाऊन मालनबाईंना शोधावं, असं मी दोन वर्षं डायरीत लिहीत होते. तिसऱ्या वर्षी लिहिलं नाही.

त्याच एप्रिलमध्ये काका गेले. चंदनाचा दोन ओळींचा मेसेज आला, त्यात माझ्याबद्दल राग नव्हता. म्हणजे तिला अजूनही कळलेलं नव्हतं.

जुनं उघडं पान कंपनीनं तसंच सोडून दिलं. तिकडे कुणी पाहत नाही. मी कंपनी सोडून पाच वर्षं झाली. सोडताना चावी परत करावी लागली, ती आता कुणाकडे आहे, आहे की नाही, माहीत नाही. पान बाहेरून दिसतं. मी बघते.

दरवर्षी एप्रिलमध्ये, त्यांच्या तारखेला, चंदना तिथं तो बदल पाठवते. पान सोडून देण्याआधी, काका गेल्यावर वर्षभरानं, कंपनीनं तिथंही एक करून ठेवला होता. ती तीन करून पाठवते. फॉर्म आता ती पुरा भरते, सातही रकाने, इंग्रजीत. फक्त 'कारण' या रकान्यात मराठीत लिहिते: "दूध थांबू द्या." यंत्राला त्यात चूक सापडत नाही. ते चौदा दिवस वाट बघतं. कुणी माणूस येत नाही. मग ते अर्ज बंद करतं आणि खाली लिहितं, आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद. ते वाक्य मी लिहिलेलं आहे.

यंदाचा सातवा होता. पहिले तीन धरून यंत्राचे दहा झाले. काकांच्या नावावर माझ्या नोंदीत आता एकोणीस आभार आहेत, नऊ माणसांचे आणि दहा यंत्राचे. माझा त्यात अजून एकही नाही.